अबोल्याचा फोटो

थोरलीचं म्हणणं अगदी सरळ होतं. नवऱ्याला आजारबिजार काही झालेला नाही, त्याने अबोला धरलाय. आणि अबोल्यावर औषध एकच, समोरच्यापेक्षा जास्त दिवस गप्प बसायचं.

आता थोरली आणि गप्प बसणं म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यातलाच प्रकार. लग्न होऊन ती या घरात थोरली सून म्हणून आली आणि तेच नाव तिला चिकटलं. सासू-सासरे गेले, जावांनी वेगळ्या चुली मांडल्या, नातवंडं कॉलेजात गेली, तरी ती थोरलीच राहिली. घराखाली सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं दुकान. पुढे गिऱ्हाइकांशी तोंड वाजवायला थोरली, मागे काम करायला नवरा. तिची शाळा सही करण्यापुरती, पण तिच्याशी भाव करून कुणी सुखाने घरी गेलं नव्हतं. "बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबे कुजतात," असं ती गल्ल्यावर बसून म्हणायची. दोघांत बोरं कुणाची आणि आंबे कुणाचे, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

नवऱ्याला ती नावाने हाक मारत नसे. दुकानात "अहो कारागीर" म्हणायची. ऐकून ऐकून सगळेच त्याला कारागीर म्हणू लागले. माणूस मुळातच मितभाषी, त्यात धंद्याने भर घातलेली. खुर्चीवर कापड ताणून ठोकताना एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताखाली कापड. बारीक खिळे धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून ते तोंडात. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. सगळा जन्म असा गेला. तोंडात खिळे असलेल्या माणसाचं बोलणं हळूहळू आटत चाललंय, हे कुणाच्या ध्यानात यावं?

भांडण झालं ते एका आरामखुर्चीवरून. गिऱ्हाईक बँकेतल्या साहेबांची बायको, कापड तिनेच आणलेलं, निळ्या फुलांचं, महागाचं. ती न्यायला आली तर खुर्चीवर कापड उलटं. फुलं आत, विणीचे धागे बाहेर, आणि तेही कसं, एक सुरकुती नाही, चारी कोपरे आरशासारखे. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोळे फुटले का तुमचे?" ती गिऱ्हाइकासमोरच कडाडली. "आंधळ्याने नुसती बोटं फिरवून सुलटी बाजू सांगितली असती!"

कारागिराने खुर्चीकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं. तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले, डबीत ठेवले, आणि तो मागच्या खोलीत जाऊन बसला. त्या दिवसापासून तो तिच्याशी आपण होऊन बोलला नाही.

रुसला तर रुसू दे, थोरली म्हणाली. चूक त्याची आणि ताव माझ्यावर? तो बोलेपर्यंत मीही बोलायची नाही.

तेव्हापासून घरात सुनेचं टपालखातं सुरू झालं.

"सूनबाई, तुझ्या सासऱ्यांना विचार, भाजी आणखी हवी का."

"आई, ते तुमच्या हाताशीच बसलेत."

"मग बरंच झालं, तुला लांब जायला नको. विचार."

सून विचारायची, कारागीर मान हलवायचा, सून ती मान परत थोरलीकडे पोचती करायची. असं दोन वर्षं चाललं. मध्ये मध्ये त्याने चहात मीठ घातलं, तेव्हा थोरली म्हणाली, "मला खिजवायला करतायत." एकदा दुकानातून घरी यायचा जिना सोडून तो शेजारच्या जिन्याने वर गेला. तेव्हा ती म्हणाली, "माझं तोंड बघायला नको, म्हणून." शेवटी एक दिवस मुलगा मागच्या खोलीत गेला तर बाप खुर्चीच्या सांगाड्यासमोर बसलेला, तोंडात खिळे, हातात हातोडी, आणि पुढे काय करायचं ते सुचत नाहीये. कितीतरी वेळ तसाच असावा, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. मुलाने बापाच्या तोंडात बोट घालून खिळे काढले, लहान मुलाच्या तोंडातून माती काढतात तसे. त्याच दिवशी त्याने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. वार विचारला, घरचा पत्ता विचारला, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. प्रत्येक उत्तर थोरलीने दिलं.

"आजी, उत्तरं त्यांना देऊ द्या."

"ते कुठली देतात! माझ्यावर रुसलेत ना. माझ्यादेखत तोंड उघडायचे नाहीत."

थोरलीला बाहेर बसवलं, तरी कारागीर बोलला नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत बोलावून सांगितलं. म्हातारपणी मन फार खचलं तरी माणूस असाच मिटून जातो, विसरल्यासारखा वागतो, आणि तसं असेल तर औषधाने बराच सावरतो. दुसरा तो विसरण्याचा आजार, अल्झायमर. तो मागे फिरत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसतात. पण मेंदूचा जो भाग नीट काम करतो तिथे रक्त भरपूर जातं, जो थकलाय तिथे कमी जातं. रक्त कुठे कमी जातंय त्याचा फोटो काढता येतो, आणि खचलेल्या मनाचा फोटो वेगळा दिसतो, त्या आजाराचा वेगळा. "नुसत्या फोटोवर मी निकाल देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण दिशा कळेल."

थोरलीने त्यातलं एवढंच उचललं: रुसवा की रोग, ते मशीन सांगणार.

तिने मनाशी पक्कं केलं की मशीन रुसवाच सांगेल. रुसवा निघाला की जिंकल्यासारखं चार दिवस मिरवायचं, मग मोठ्या मनाने माफ करायचं, दुकान पुन्हा पहिल्यासारखं चालवायचं. आणि रोग निघाला तर? हा विचार ती उंबऱ्याबाहेरच उभा ठेवायची. कारण तो आत आला असता तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मग बाई, दोन वर्षं तू भांडत कुणाशी होतीस?

फोटोच्या दिवशी सकाळी चहा-कॉफी घ्यायची नाही, असं बजावलं होतं. कारागीर सवयीने रिकामा कप घेऊन ओट्याशी येऊन उभा राहिला. सुनेने त्याच्या हातातून कप काढून घेतला. थोरलीनेही त्या दिवशी चहा घेतला नाही.

"तुम्हाला कुठे मनाई आहे, आई?"

"माझं पित्त वाढलंय. त्यांच्यासाठी नाही हं, सांगून ठेवते."

इस्पितळात फोटोचा विभाग तळघरात होता. लांब बोळ, पांढरे दिवे, एक जाड दार आणि त्यावर आत येण्याआधी विचारा अशी पाटी. बाकांवरचं रेक्झिन फाटून आतला स्पंज डोकावत होता. थोरलीने बसायच्या आधी त्यात बोट घालून पाहिलं. "कुणी भरलंय हे? भुसा बरा याच्यापेक्षा." कारागिरानेही त्या फाटक्या जागेवरून अंगठा फिरवला. फाटलेली कड त्याने आत दुमडली, ती परत बाहेर आली, त्याने पुन्हा दुमडली.

सुई देणारी बाई मध्यम वयाची होती, बोलणं मऊ. तिने कारागिराच्या हाताला आधीच एक सुई लावून ठेवली, तिला लांब नळी जोडली, आणि मग समजावून सांगितलं. आतल्या खोलीत अंधुक उजेडात त्यांना निजवायचं. डोळे मिटून, अगदी शांत. थोड्या वेळाने त्यांना कळणारही नाही असं मागून नळीतून औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर मेंदूत जातं आणि जिथे पोचतं तिथेच बसतं. मशीनमधला फोटो नंतर निघतो, पण त्यात दिसतो तो मेंदू सुईच्या वेळचा. तेव्हा कुणी बोललं, हाक मारली, त्यांनी उत्तर दिलं, तर मेंदू त्या कामाला लागतो आणि फोटोत तेच उमटतं.

"म्हणजे ठोकलेला खिळा," थोरली म्हणाली. "मागाहून कापड ओढून उपयोग नाही."

"हो, तसंच. नवीन जागेत ते घाबरून उठायला नकोत, म्हणून घरचं एक माणूस लांब खुर्चीवर बसू शकतं. पण अजिबात न बोलणारं हवं."

मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं. "मी बसतो," मुलगा पटकन म्हणाला. पण कारागिराच्या मुठीत थोरलीच्या पिशवीचा पट्टा होता. कधी धरला कुणास ठाऊक. मुलाने बोटं सोडवायला पाहिलं, तर मूठ आणखी आवळली.

"आई, जमेल तुला? खरं सांग."

"दोन वर्षं मग काय केलं मी?" थोरली म्हणाली आणि आत गेली.

खोली लहान होती. एक पलंग, भिंतीपाशी खुर्ची, कुठेतरी हवा खेळवणाऱ्या यंत्राची घरघर. कारागिराला निजवलं, अंगावर पांघरूण घातलं. पिशवीच थोरलीने त्याच्या उशाशी ठेवून दिली, तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले. सुईवाली पायांचा आवाज न करता त्याच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. थोरलीला वाटलं, झोपला.

"ताई," कारागीर म्हणाला.

थोरलीने मान वर केली. तो आवाज तिने इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. बारीक झाला होता, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

"बोलू नका, आजोबा. निवांत पडा," सुईवाली कुजबुजली.

"एवढंच सांगतो. आमच्या थोरलीला एक निरोप द्याल? बाहेर बसली असेल. ती माझ्याशी बोलत नाही." तो थांबला. शब्द जुळवत असावा. "माझं काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते आठवत नाही. विचारायला गेलो तर आणखी चिडेल. म्हणून गप्प बसतो. तिला म्हणावं, अबोला सोड."

थोरली खुर्चीतून अर्धी उठली होती. अहो, मी इथेच आहे, हे शब्द दातांपर्यंत आले होते. सुईवालीने अंधारातून तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांनी विनवलंही.

"देईन निरोप," सुईवाली त्याला म्हणाली. "आता शांत पडा. डोळे मिटा."

"देणार ना?"

"देणार."

मग खोलीत पुन्हा ती घरघर तेवढी उरली. कारागिराचा श्वास संथ झाला. सुईवालीने वाट पाहिली, आणखी वाट पाहिली, आणि त्या शांततेत हळूच औषध सोडलं.

थोरलीने आयुष्यात पुष्कळ कठीण गोष्टी केल्या होत्या. दोन सासवा सांभाळल्या होत्या, एक चुलत सासू आणि एक सख्खी. पाळण्यातलं एक मूल पुरलं होतं. पण त्या खुर्चीत बसून राहण्याइतकं जड काही नव्हतं. तिने ओठ आत ओढून दातांखाली धरले. तिला वाटलं, आपल्या तोंडात खिळे भरलेत, तोंड उघडलं तर सांडतील, गिळले तर आतडी फाडतील. तोंड मिटून बसायची हीच रीत तो जन्मभर पाळत आला आणि आपण त्याला मुखदुर्बळ म्हणत आलो. त्याने हाक मारली होती. पहिला तो बोलला होता. ठरल्याप्रमाणे ती जिंकली होती. आणि तिला हूं म्हणायचीही सोय नव्हती.

एकाएकी दिवा थोडा मोठा झाला. "झालं, आजी," सुईवाली म्हणाली. "आता बोललात तरी चालेल. आता फोटो बदलत नाही."

थोरली पलंगाशी गेली. "अहो," ती म्हणाली. तिचा तिलाच ओळखू येईना असा हळुवार आवाज निघाला. "मी बोलतेय. काही चुकलं नाही हो तुमचं. मी बोलतेय ना."

कारागिराने डोळे उघडले, तिच्याकडे अदबीने पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं.

"बरं," तो म्हणाला. "चहा मिळेल का, ताई?"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. काळ्या पडद्यावर मेंदूचे काप, कुठे पिवळे, कुठे तांबडे, कुठे निळे. मुलगा आणि सून पुढे वाकून बघत होते. कपाळामागचा भाग चांगला आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन खचल्याने पुष्कळदा तिथे फिकं दिसतं, तसं फारसं नाही. पण हे बघा, कानांच्या वर आणि मागे, दोन्ही बाजूंना. इथे रक्त फार कमी जातंय. तपासण्या, घरचं तुम्ही सांगितलेलं आणि हे, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

"म्हणजे रुसवा नाही," थोरली म्हणाली.

"नाही, आजी. ते रुसलेले नव्हतेच बहुतेक कधी."

सुनेने सासूचा हात धरला. एरवी थोरलीने तो झटकला असता. ती पडद्याकडे बघत राहिली, निळ्या डागांकडे. त्यांचा रंग तिला ओळखीचा वाटला, पण ते ती कुणाला बोलली नाही.

"हा फोटो सुईच्या वेळचा ना?" तिने विचारलं.

"हो, त्याच मिनिटांचा."

"त्याच्या आधी ते मला निरोप देत होते. मग वाट बघत पडले होते. ते दिसतं का यात कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "नाही, आजी. रक्त कुठे गेलं तेवढंच दिसतं. मनात काय होतं ते नाही दिसत."

"मग अर्धवट आहे तुमचं मशीन," थोरली म्हणाली आणि उठली.

दुकानाची पाटी मुलाने उतरवली नाही, पण काम घेणं बंद झालं. खिळ्यांची डबी सुनेने वरच्या फळीवर नेऊन ठेवली. कारागीर रोज दुपारी सवयीने खाली यायचा, मागच्या खोलीत स्टुलावर बसायचा. थोरली त्याच्यापुढे कापडाचे तुकडे ठेवायची. तो त्यांच्या घड्या घालायचा, उलगडायचा. थोरली समोर बसून मऊ मऊ बोलायची, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, आवाज न चढवता. जेवलात का. ऊन किती छान पडलंय. तो मान डोलवायचा. सगळं ऐकून घ्यायचा, आणि नजर दाराकडे ठेवायचा.

अशाच एका दुपारी तो म्हणाला, "बाई, तुम्ही इथे रोज येता. एक काम कराल?"

"करेन की."

"आमच्या थोरलीला सांगाल? ती माझ्याशी बोलत नाही. काहीतरी चुकलंय माझं."

थोरलीने मांडीवरचा तुकडा गच्च धरला. मीच थोरली, असं याआधी तिने दोनदा सांगून पाहिलं होतं. तो हसला होता, लहान मुलाची थाप ऐकून हसावं तसा. तेव्हा तिने दुसरी वाट धरली.

"सांगितलं मी तिला," ती म्हणाली. "ती म्हणाली, काही चुकलं नाही. ते निळ्या फुलांचं कापड उलटंच जास्त शोभत होतं, म्हणाली."

कारागिराने विचार केला. मग मान हलवली.

"नाही. थोरली असं म्हणायची नाही. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही पदरचं सांगताय."

"अहो, खरंच म्हणाली."

"नाही, बाई. तिला मी ओळखतो." आणि तो पुन्हा दाराकडे बघू लागला.

थोरली उठून उभी राहिली. कंबरेवर हात ठेवले. आणि दोन वर्षं अधिक हे सगळे महिने दाबून धरलेला आवाज तिने मोकळा सोडला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"अहो कारागीर! कापड उलटं ठोकलंत ते ठोकलंत, वर त्या बँकवालीसमोर माझं नाक कापलंत! आंधळ्याने बोटं फिरवून सुलटी बाजू सांगितली असती, आणि तुम्ही? लक्ष कुठे असतं तुमचं? किती वेळ झाला मी इथे बसलेय, दार काय बघताय, दार काय पळून चाललंय?"

वरून सुनेने खिडकीतून डोकं काढलं. "आई! ओरडू नका हो! डॉक्टर काय म्हणाल्या?"

"तू आत जा! आमचं बोलणं चाललंय."

कारागिराने दारावरची नजर काढली. थोरलीच्या चेहऱ्यावर आणली. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली, ताणलेल्या कापडाखालून हात फिरवावा तशी.

"आलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, रुसलीस."

"रुसायला मला वेळ आहे का? दुकान कोण बघणार, तुमचा बाप?"

तो हसला. थोरली स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली आणि बोलतच राहिली. बँकवालीचा उद्धार केला, तळघरातल्या त्या फाटक्या बाकांचा केला, त्याच्या बहिणीचाही केला. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं तर हातातल्या तुकड्याने पुसलं, पण तोंड थांबवलं नाही. किती दिवस ही युक्ती चालेल, हे तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हती.

कारागिराने तिच्या हातातला तो तुकडा घेतला, मांडीवर पसरला, अंगठ्याने चाचपला आणि तिच्यासमोर धरला.

"ही सुलटी ना?"

ती उलटी होती.

"उलटी आहे," थोरली खेकसली. "डोळे फुटले का? आणा इकडे."

त्याने तो तुकडा निमूटपणे, अगदी समाधानाने, तिच्या हातात दिला.